चौथऱ्याचं माप

२ फेब्रुवारी १९५६, गुरुवार

आलो बुवा एकदाचे रत्नागिरीला! सकाळी नऊला बोट लागली. पडावात उतरताना एका म्हातारीची कोंबडी सुटली आणि थेट माझ्या टोपीवर येऊन बसली, ती बंदर येईपर्यंत हलली नाही. सगळा पडाव हसत होता. म्हातारी म्हणाली, शकुन चांगला झाला हो, पण कोंबडी तेवढी परत द्या. अशा थाटात बाबूशेठ वखारवाल्यांचं आगमन झालं. शेठ आजपासून. परवापर्यंत आपण परळच्या गिरणीतले नुसते बाबू फिटर होतो.

बावीस वर्षं इंजिनघरात काढली. तिथे दर पाळीला वही लिहावी लागे: तेल किती, पट्टा कसा, काय बिघडलं. नोकरी सुटली, पण हात लिहायला वळवळतोय, म्हणून ही कोरी वही घेतली. रोज दुपारी जेवण झालं की चार ओळी लिहायच्या असं ठरवलं आहे.

बेत असा. फंड मिळाला त्यातून ही जळाऊ लाकडाची वखार घेतली. आता यंत्र घ्यायचं, मागच्या दोन खोल्या राहण्याजोग्या करायच्या, आणि मे महिन्यात बोटी बंद व्हायच्या आत सगुणा आणि मैनेला इथे आणायचं. लग्नाला तेरा वर्षं झाल्यावर मैना झाली. आता पाच वर्षांची आहे, आणि पाळ्यांच्या पायी बापाचं तोंड तिने रविवारपुरतंच पाहिलं आहे. निघताना तिने विचारलं, बाबा, तिकडे रोज रविवार असतो का? मी म्हटलं, हो. तेवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

५ फेब्रुवारी

वखार राजिवड्याच्या बाजूला, अगदी खाडीला लागून. वर कौलं, तीन बाजू उघड्या, मागे दोन खोल्या आणि गोड्या पाण्याची विहीर. समोर पलीकडे भाट्याचा किनारा दिसतो. आतल्या गावांतून लाकूड मुसा तांडेलाच्या होडीने येतं: ऐन, किंजळ, आंबा. ते तोडून, फोडून विकायचं. भागोजी आणि त्याची बायको हौसा, ही दोघं तीस वर्षं इथे कामाला आहेत. एका मोठ्या करवतीची दोन टोकं दोघांच्या हातात. भांडण झालं असलं की करवत फार जोरात चालते म्हणे. दोघंही साठीला आली.

जुने मालक हमीदभाई आफ्रिकेत मुलाकडे निघाले आहेत. माणूस मोठा सज्जन. किल्ल्या दिल्या, चहा पाजला आणि मग हाताला धरून मला वखारीच्या कोपऱ्यात घेऊन गेले. तिथे जांभ्या दगडाचा एक चौथरा आहे. सहा-सात फूट लांब, तीनेक फूट रुंद, गुडघ्याएवढा उंच. त्यावर सुक्या लाकडाची नीट रचलेली चळत. हमीदभाई म्हणाले, ही विकायची नाही. ही एका माणसाची आहे.

मी विचारलं, कुणाची? ते म्हणाले, जो जाईल त्याची. त्यांच्या आजोबांच्या वेळी भर पावसाळ्यात शेजारचा एक माणूस गेला. सरणाला सुकं लाकूड मिळेना. दोन दिवस प्रेत घरात ठेवावं लागलं. तेव्हापासून आजोबांनी नेम केला की एका सरणाचं लाकूड या चौथऱ्यावर कायम तयार असेल. कुणी आला तर तोलायचं नाही, काही विचारायचं नाही, काही घ्यायचं नाही. आणि दिवस मावळायच्या आत दुसरी चळत रचायची. ती नजरेच्या अंदाजाने रचायची, माप लावायचं नाही. चौथरा रिकामा ठेवायचा नाही.

मुसलमानाच्या वखारीत तीन पिढ्या हिंदूंच्या सरणाचं लाकूड सांभाळलं गेलं. मला खरंच बरं वाटलं. हमीदभाईंनी शब्द मागितला, मी तोंडभर दिला.

२१ फेब्रुवारी

इंजिन घेतलं! आठ घोड्यांचं, क्रूड तेलावर चालणारं. संगमेश्वराकडे एक भातगिरणी बंद पडली, तिथे गवतात पडलं होतं. मालक म्हणाला, मोडीत निघालंय. मी कान लावून मोठं चाक हाताने फिरवलं आणि मनात म्हटलं, मोडीत तुझं डोकं निघालंय. नुसता झडपेत कचरा होता. बैलगाडीने खाडीपर्यंत आणलं आणि तिथून मुसाच्या होडीत. होडी अशी बसली की पाणी काठाला टेकलं. मुसा सगळी वाट अल्लाचं नाव घेत होता, आणि मध्येच मला शिव्या देत होता. दोन्ही अगदी मनापासून.

गोल करवतीचं पातं सगुणेने मुंबईहून पाठवलं. तीस इंची. बाई स्वतः मैनेला कडेवर घेऊन लोखंडबाजारात गेली, चार दुकानदारांना घाम फोडला आणि पातं गोधडीत गुंडाळून बोटीवर दिलं. तरी वाटेत एक दात जरासा वाकलाच. कापलेल्या लाकडावर त्या दाताचा बारीक ओरखडा उठेल. उठू दे. बाबूशेठची सही समजायची.

६ मार्च

इंजिन बसवायला जागा पक्की लागते, नाहीतर ते नाचतं. सगळ्या वखारीत पक्की जागा एकच, तो चौथरा. म्हटलं, चळत काय, दुसरीकडेही रचता येईल. आज चौथरा रिकामा केला. लाकूड काय सुकं होतं! एकावर एक आपटलं की भांड्यासारखं वाजत होतं. एक खानावळवाला आला होता, त्याने पाहिलं आणि तासाभरात सगळंच उचलून नेलं. मी नको म्हटलं नाही.

टेप कुठे सापडेना. मग मीच चौथऱ्यावर आडवा झालो. माझी उंची पाच फूट पाच इंच, गिरणीच्या दाखल्यावर आहे. डोक्याकडे किती उरतं आणि पायांकडे किती, तिथे खडूने खुणा कर म्हणून हौसाला सांगितलं. तिने हातातली घागर तिथेच टाकली आणि चालती झाली. दगड इतका गार होता की मजेत दोन मिनिटं डोळाच लागला. जाग आली ती भागोजीने दंडाला धरून ओढल्यामुळे. हा माणूस माझ्यापुढे मान वर करून बोलत नाही, आणि आज त्याने मला अक्षरशः खाली पाडलं. शेट, तुमी माप दिलांत, एवढंच परत परत म्हणत होता. मी हसलो. तर म्हातारा जास्तच चिडला.

मग खुणा मीच खडूने केल्या, पण त्या फुकट गेल्या. जांभा ठिसूळ, बोल्टाचं भोक पाडलं तर भुगा झाला. आता शेजारी सिमेंटचा पाया घालतो. चौथऱ्यावर तेलाचे डबे ठेवले. भागोजीने आजच्या आज चळत रचू या म्हटलं. मी म्हटलं, इंजिन चालू होऊ दे, मग रचू.

१७ मार्च

दुपारी साडेअकराला इंजिन धडधडलं! नारळ फोडला, मुसाने पेढे वाटले. पट्टा चढवला, ओंडका पुढे सरकवला, आणि भागोजी-हौसाला अर्धा दिवस लागतो ते काम पाऊण तासात उरकलं. दोघं नुसती बघत उभी होती. हौसाने विचारलं, आता आमी काय करायचं? मी म्हटलं, तुम्ही दोघांनी आता बसून भांडायचं. हसली. दोघांनाही यंत्रावरच ठेवलं आहे, तो ओंडके पुढे देतो, ती तुकडे उचलते.

आता गावोगाव आगोटीची तयारी सुरू होईल. पावसाळ्याचं लाकूड घरोघर भरायचं. आमच्याकडचे तुकडे दीड फुटाचे, सगळे एकसारखे, चुलीत नीट बसणारे. बायका खूश आहेत. सगुणेला पत्र टाकलं की पाटा-वरवंटा आणू नकोस, इथे घेतला.

२७ मार्च

काल शिमगा. होळीसाठी पोरांनी वखारीतून सात ओंडके पळवले. इथली रीतच आहे म्हणतात. ओरडल्यासारखं केलं आणि पळू दिलं. आमचं नवं खोरंही नेलं, ते मात्र आज परत आलं. तेलाचा एक डबाही हवा होता त्यांना, पण तो चौथऱ्यावर होता म्हणून हात लावला नाही असं त्यांतलाच एकजण सांगून गेला. चळत रचायची राहिलीच आहे. काम इतकं आहे की जेवायला फुरसत नाही.

३ एप्रिल

आज लाज गेली माझी.

सकाळी दहाच्या सुमाराला एक माणूस आला आणि फाटकाबाहेर आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. बोलेना. मी इंजिनावरून ओरडलो, काय हवंय, किती मण हवंय, आत या की! तो तसाच उभा. भागोजीने येऊन इंजिन बंद केलं, तेव्हा कळलं. तो वरच्या वाडीतला केरू. त्याची आई चिमा पहाटे गेली. त्या लाकडासाठी येणारा असाच उभा राहतो, पाठ करून. त्याला काही विचारायचं नसतं. आणि मी भर रस्त्यावर किती मण म्हणून विचारलं.

चौथऱ्यावर तेलाचे डबे. वखारीत सुकं म्हणून काही उरलं नव्हतं, यंत्राने सगळं खाल्लं. आदल्या दिवशी आलेलं ओलं ऐन दिलं. दुपारी कुणीतरी सांगून गेलं की सरण पेटत नाही, नुसता धूर होतो आहे. मी रॉकेल पाठवलं.

१६ एप्रिल

सकाळी वखार उघडली तर तेलाचे डबे खाली, नीट ओळीने ठेवलेले. चौथऱ्यावर एक ओंडका. सोललेला, सुकलेला. इतकं सुकं लाकूड आपल्याकडे नाही. भागोजीने ठेवला असेल असं वाटलं. तो नाही म्हणतो.

ओंडका मापला. पाच फूट पाच इंच.

१८ एप्रिल

काल दुसरा. आज तिसरा. तिन्हींचं माप एकच.

कापलेली टोकं उन्हात नेऊन पाहिली. हाताच्या करवतीचे वळ सरळ उठतात. हे गोल आहेत, गोल करवतीचे. आणि प्रत्येक वळाच्या शेवटी एक बारीक ओरखडा आहे. वाकलेल्या दाताचा. म्हणजे कुणीतरी माझंच यंत्र चालवतं. चेष्टा आहे, दुसरं काय! आज पातं काढून घरात आणलं, खाटेखाली ठेवलं. पट्टा उशाशी.

१९ एप्रिल

चौथा आहे. ओरखड्यासकट.

२२ एप्रिल

आज भागोजीला बसवून घेतलं आणि म्हटलं, काय ते एकदा बोल. हौसाच बोलली.

हमीदभाईंचे एक चुलते होते, मन्सूर. दर्यावर्दी. ही दोघं तेव्हा नवीन नवीन लागली होती. एकदा कुणी सरणाला लाकूड नेलं, दुसरी चळत रचायची राहिली, आणि मन्सूर भर दुपारी त्या गार दगडावर झोपले. महिना-सव्वा महिन्याने त्यांच्या मापाचं लाकूड येऊ लागलं, रोज एक. रिकामा चौथरा आडवं होईल त्याचं माप घेतो, हौसा म्हणाली. मन्सूर हसले आणि आफ्रिकेच्या गलबतावर निघून गेले. लाकूड येतच राहिलं. ज्या दिवशी चळत पुरी झाली तो दिवस हमीदभाईंच्या वडिलांनी भिंतीवर लिहून ठेवला. दोन महिन्यांनी तिकडून कागद आला. मन्सूर वारले तो तोच दिवस होता.

मी म्हटलं, अगं पण मुसलमानाला सरण कशाला लागतंय? हौसा म्हणाली, दगडाला काय ठाव, कोण कुठला तो!

विचारू नये ते विचारलं. माझ्या मापाला किती लागतील? भागोजीने मला नखशिखांत पाहिलं आणि मान खाली घातली. सत्तावीस, म्हणाला. आज सात आहेत.

२५ एप्रिल

मुसाला सांगून सगळे ओंडके होडीत भरले आणि खाडीच्या तोंडाशी, खोल पाण्यात सोडून आलो. भरतीला वर येतील म्हणून दगड बांधले. येताना मुसाने माझ्याकडे पाहिलं नाही.

२६ एप्रिल

अकरा. आजचा धरून. दहा ओले आहेत, जीभ लावली तर खारट. दोऱ्या तशाच बांधलेल्या, दगड नाहीत.

३० एप्रिल

पंधरा.

दुसरं लाकूड रचून पाहिलं, भागोजीच्या अंदाजाने, अगदी हमीदभाईंसारखं. सकाळी ते खाली पडलेलं आणि वर माझं. वाडीत एकजण गेला, त्याच्यासाठी चौथऱ्यावरचे दिले. चार गडी लागले तरी एक ओंडका फाटकाबाहेर गेला नाही. दुसऱ्याचं माप दुसऱ्याला लागत नाय, भागोजी म्हणाला.

आता रोज सकाळी मी ते सगळे चौथऱ्यावरून उतरवून मागच्या भिंतीआड टाकतो. परत येतात, पण दिवसभर डोळ्यांसमोर तरी नसतात.

२ मे

सगुणेला तार केली. येऊ नका. पत्र मागाहून. जे व्हायचं ते माझं मी बघेन, मैनेने ते पाहायचं नाही.

४ मे

हे लिहायलाच हवं. वहीत खोटं लिहायची सवय नाही.

टळटळीत दुपारी एक कल्हईवाला सावलीला आला. कुठल्या दूरच्या गावचा, एकटा. पाणी प्यायला, भाता खाली ठेवला, आणि गार दगड बघून चौथऱ्यावर बसला. पाय वर घेतले. शेवटी जो आडवा होईल त्याचं माप, हे हौसाने मला सांगितलं होतं.

मी लगेच ओरडलो नाही. तो पागोटं काढून उशाला घेईपर्यंत मी गप्प उभा होतो. मग ओरडलो. इतका ओरडलो की बिचारा भाता टाकून पळाला. भागोजी भाता घेऊन त्याच्या मागे गेला.

मी असा माणूस नव्हतो.

९ मे

चोवीस.

दोघी आल्या.

तार वाचून सगुणा घाबरली, मी आजारी आहे असं समजली, आणि मिळेल त्या बोटीने निघाली. फाटकात उभी राहून आधी मला हातपाय दाखवायला लावले. मग चिडली. मग रडली. मैनेने गळ्याला मिठी मारली आणि विचारलं, आज कोणता वार? मी म्हटलं, रविवार. आज बुधवार आहे.

सगुणेला काही सांगितलं नाही. तीन दिवस उरले, ते तरी नीट जाऊ देत. ओंडके भिंतीआड आहेत. मैनेने यंत्राजवळ यायचं नाही, वखारीत पाऊल टाकायचं नाही, अशी ताकीद दिली. सगुणेने माशाची आमटी केली. पोटभर जेवलो.

१० मे

देवा

देवा, हे काय केलं मी

दुपारी सगुणा विहिरीवर होती. खोलीत कौलं तापलेली. मैना गारवा शोधत वखारीत आली. चौथरा रिकामा. मीच रिकामा केला होता, सगुणेने चळत बघू नये म्हणून. रोज रिकामा करतो तसा.

हौसाची किंकाळी ऐकून धावलो. पोर कुशीवर झोपली होती, गालाखाली हात घेऊन. उचलली तर गाल दगडासारखा गार. दगडावर खडूच्या माझ्या जुन्या खुणा अजून आहेत. तिचे पाय खालच्या खुणेपर्यंत पोचतही नव्हते.

११ मे

सव्वीस ओंडके. सगळे आखूड. खाली उरलेल्या तुकड्यांचा ढीग. प्रत्येकावर तो ओरखडा.

टेप लावायची गरज नव्हती. लावली. तीन फूट चार इंच.

मैनेला पहाटेपासून ताप. डोळे उघडत नाही. डॉक्टर येऊन गेले, काही समजत नाही म्हणाले. भागोजीला विचारलं, पोराला किती लागतात. गचांडी धरली तेव्हा म्हणाला. पंधरा.

पंधरा केव्हाच झाले आहेत —

सगुणेला सगळं सांगितलं. वेडे झालात म्हणाली. मग चळत पाहिली आणि मैनेच्या अंथरुणाकडे पाहिलं.

भागोजी आणि हौसाने ओंडके उतरवले. मी आडवा झालो.

११ मे, दोन वाजता

हौसा सांगून गेली. ताप उतरतोय. मैनेने पाणी मागितलं.

मी पाण्यासाठी उठलो होतो, एवढंच, घागरीपर्यंत — सगुणा ओरडत आली. मैनेचे डोळे फिरले. परत आडवा झालो. परत बरी.

उठायचं नाही. समजलं.

१२ मे

सकाळ. रात्र इथेच काढली. वही छातीवर धरून लिहितो आहे.

उजवीकडे तेरा, डावीकडे तेरा. पाच फूट पाच इंच. आखूड तुकडे कुठे दिसत नाहीत. दगड आता गार लागत नाही.

मैनेने पेज खाल्ली. अंगणात आली. भागोजीला सांगितलं, माझ्यामागे चौथरा एक दिवस रिकामा ठेवू नको. अंदाजाने रच. तोलू नको. तो रडतो आहे. काय रे म्हाताऱ्या, मला खाली पाडणारा तू!

सगुणेला म्हटलं, मैनेला घेऊन होडीने खाडीपलीकडे जा, भाट्याला, संध्याकाळपर्यंत. ती आत्ताच गेली. वळून पाहिलं नाही, मीच पाहू नको म्हटलं होतं.

भागोजी-हौसालाही बाहेर घालवलं. फाटक ओढून घ्या म्हटलं.

साडेअकरा. इंजिन चालू झालं. हँडलाशी कुणी नाही. पट्टा खोलीत खाटेच्या उशाशी होता, तो आता चाकावर आहे. खाटेखालचं पातं फिरतंय. चांगलं चालतंय, झडप स्वच्छ आहे, आवाज बरोबर —

थांबलं.

सव्वीस शेजारी लागतात. सत्ताविसावा, शेवटचा, कुठे ठेवतात ते मी चिमाच्या वेळी विचारलं होतं भागोजीला. छातीवर.

जड आहे. पेन्सिल धरता येते, बाकी —

मैनेचा आवाज. बाबा म्हणते आहे. फाटकातून. होडी सुटायच्या आधीच सगुणेचा हात सोडून पळत आली असेल. आज वार कोणता विचारते आहे

सांगायला छातीत वारा नाही

आत येऊ नको मैने दगडाजवळ नको

फाटकाला कडी लावली का भागोजीने कडी ला